विचारायचं राहिलं

माझी पीएच.डी. झाल्याचं कळल्यावर गावातनं पहिल्यांदा जे म्हातारबा घरी आले, त्यांनी ओट्यावर बसून धोतर वर केलं आणि गुडघा पुढं केला. मी म्हटलं, “बाबा, मी त्यातला डॉक्टर न्हाई.” ते म्हणाले, “मग कशातला?” मी म्हटलं, “पेशीतला.” त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, धोतर खाली केलं आणि आत बघून म्हणाले, “सूनबाई, च्या टाक.”

किकवीत असं होणारच. आमचं गाव पुणे-सातारा रस्त्यावरचं. स्वारगेटला एसटीत बसलं की कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ आणि मग आम्ही. दिवसरात्र गाड्या पळतात, थांबणाऱ्या थोड्या. अंतर तास-दीड तासाचं, पण मला ते कापायला वीस वर्षं लागली, असं मी पूर्वी सत्कारात म्हणत असे. टाळ्या पडायच्या. त्यापुढचं वाक्य असं असायचं, की माझ्या थोरल्या बहिणीनं माझ्यासाठी शाळा सोडली. तेव्हा कुणीतरी डोळे पुसायचं. ही दोन्ही वाक्यं मी आता म्हणत नाही. का, ते सांगायचं आहे.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. २००२ साली ती नववीत होती आणि मी चौथीत. त्या वर्षी तात्या गवताच्या गाडीवरनं पडले, मणक्याला मार बसला आणि वर्षभर अंथरुणाला खिळले. दोन म्हशी, भाताची तीन खाचरं आणि आजारी माणूस, एवढं आईच्या एकटीच्या अंगावर पडलं. आक्काचं दप्तर आढ्याच्या खुंटीला लागलं ते लागलंच. गणितात ती वर्गात पहिली यायची. माझे पाढे तिनंच पाठ करून घेतले, म्हशीची धार काढता काढता. एकोणतीसचा पाढा मला अजून धारेच्या लयीत येतो.

माझं पुढं सुरळीत झालं. दहावी गावात, बारावी भोरला, मग पुण्यात बी.एस्सी., एम.एस्सी. कॉट बेसिसवर राहिलो, ‘कमवा आणि शिका’त काम केलं. हे सगळ्याच खेड्यातल्या पोरांचं सारखं असतं, त्यात रमत नाही. एम.एस्सी. झाल्यावर सीएसआयआरची नेट परीक्षा दिली, जून-डिसेंबर, जून-डिसेंबर. दोनदा हुकली. तिसऱ्या खेपेला जेआरएफ मिळाली. मग संस्था-संस्थांचे अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखती. एका मुलाखतीत विचारलं, “पेशीविज्ञानच का?” मी शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातनं कांद्याचा पापुद्रा बघितला वगैरे सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण महिन्याला पंचवीस हजार रुपये मिळणार, आणि एवढे पैसे आमच्या घरात कुणी कधी एका महिन्यात आणले नव्हते, हे जास्त खरं होतं. तसं म्हणायचं नसतं. शेवटी एका पिकल्या केसांच्या बाई प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, “पाच-सहा वर्षं जातील. कधी कधी हाती काहीच लागत नाही. नक्की यायचंय का तुम्हाला?” मी घाईनं हो म्हणालो. त्या प्रश्नाचं मोल मला फार उशिरा कळलं. माझ्यासमोर कुणीतरी खराखुरा प्रश्न ठेवला होता, आणि नाही म्हटलं असतं तरी माझं काही अडणार नव्हतं.

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती एक इवलीशी नळी आली. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधनं काढलेली, बाहेर आल्यावर धूर सोडणारी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, तिथल्या पेशीभांडारातनं देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात, तशाच आमच्याकडं आलेल्या. नळीवर दोन अक्षरं होती, ‘हेला’. त्या वितळवून गुलाबी द्रवात सोडायच्या आणि ३७ अंशांच्या, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या कपाटात ठेवायच्या. पेशी तळाला चिकटतात, वाढतात, दिवसभरात दुप्पट होतात. द्रव गुलाबीचा पिवळा पडायला लागला की समजायचं, गर्दी झाली. मग त्या सोडवून थोड्या थोड्या नव्या बाटल्यांत लावायच्या. मला हे शिकवावं लागलं नाही. रोपवाटिकेतली रोपं दाट झाली की उपटून खाचरात लावायची, हेच मी लहानपणापासनं करत होतो. फक्त इथं वाकायचं नव्हतं आणि पावसात भिजायचं नव्हतं.

त्या द्रवात वासराच्या रक्ताचा द्राव घालतात. जन्मलेल्या वासराच्या नव्हे, कत्तलखान्यात आलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या. त्याशिवाय बहुतेक पेशी नीट वाढत नाहीत. सहा वर्षं मी तो वापरला आणि म्हशी-गाईंवर वाढलेल्या माझ्या घरात त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. आईला वाचता येत नाही, हे त्या वेळी सोयीचं वाटलं होतं.

माझा विषय होता, पेशी स्वतःला कधी आणि कशी संपवते. निरोगी पेशीत फार बिघाड झाला तर पी-५३ नावाचं प्रथिन तिला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. हेला पेशींत एक विषाणू शिरलेला आहे, त्याचं एक प्रथिन हे पी-५३ टिकूच देत नाही. म्हणून त्या मरायचं विसरल्या आहेत. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, यांच्यात सत्तर-ऐंशीच्या घरात. मी रोज त्यांना नवनव्या प्रकारे मरायला सांगायचो. पहिलं वर्ष माझ्या हातनं बुरशी लागून बाटल्यांमागनं बाटल्या गेल्या. पुढच्या दोन वर्षांत जे आलं ते फिरून आलं नाही. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा असतो आणि प्रगती नसली तरी तो लिहिता येतो, हेही तिथंच शिकलो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मी किकवीला आलो तो लावणीपर्यंत राहिलो. आक्काला नसरापूरच्या पलीकडं दिलेलं आहे, तीही लावणीला आली. पाऊस धरून होता. दुपारी बांधावर बसून आम्ही पिठलं-भाकरी खात होतो, तेव्हा तिनं विचारलं, “तू तिथं नेमकं काय करतूस रं? येवढी वर्षं झाली, मला एकदा तरी नीट सांग.”

मी सांगायला लागलो. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई होती. तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली, काळ्या समाजातली. पाच लेकरं. १९५१ च्या जानेवारीत अंगावरनं जातंय म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. त्याआधी माणसाच्या पेशी बाहेर काही दिवसांत मरायच्या, हिच्या मेल्याच नाहीत. बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, एकतीस वर्षांची. पेशी अजून जगात सगळीकडं वाढतायत. तिच्या नावातली अक्षरं घेऊन त्यांना हेला म्हणतात.

आक्कानं भाकरीचा घास हातात तसाच धरला होता. “आन् तिला इचारलं व्हतं?”

“न्हाई.”

“तिच्या मालकाला? लेकरांस्नी?”

“लेकरांना वीसेक वर्षांनी कळलं.”

“मग तू कशापायी वापरतूस?”

माझ्याकडं उत्तरं होती, ती मी एकामागनं एक काढली. त्या काळी विचारायची पद्धत नव्हती, कायदा नव्हता. बाई त्यामुळं मेली नाही. आणि किती भलं झालं! १९५४ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लशीची मोठी चाचणी झाली, त्यासाठी टस्कीगीच्या संस्थेत या पेशी ढिगानं वाढवल्या होत्या. पुढं जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की हा कर्करोग विषाणूमुळं होतो, आणि तो विषाणू या पेशींतही सापडला. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. त्या ज्ञानातनं लस आली. आक्का, तुझ्या पोरीला ती लस देता येते.

आक्का सगळं ऐकून म्हणाली, “भलं झालं ते झालं. मी ते न्हाई इचारलं.”

आणि उठून चिखलात उतरली. पेंढ्या संपवायच्या होत्या.

मला त्या वेळी थोडा रागच आला. पण खरोखर तिनं ते विचारलंच नव्हतं. ‘भलं झालं का’ आणि ‘तिला विचारलं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण दुसऱ्याचं उत्तर म्हणून पहिल्याचं उत्तर देतो, आणि ते इतकं भरघोस असतं की समोरच्याला आपला प्रश्नच लहान वाटायला लागतो. आमच्या गावाजवळ महामार्ग रुंद झाला तेव्हा लोकांच्या जमिनी गेल्या. रस्ता चांगला झाला, हे कुणी नाकारत नाही. पण जमीन घेतानासुद्धा नोटीस येते, हरकत घ्यायला मुदत असते. भले त्या हरकतीचं पुढं काही होत नसेल. कागदावर तरी ते मान्य असतं, की इथं एक माणूस आहे आणि हे त्याचं आहे.

मग वाटलं, आपल्या काळात हे सुधारलंय की. परत पुण्याला गेल्यावर मला रुग्णांचे नमुने आणायला एका इस्पितळात जावं लागे. आता सगळं नियमानं असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मराठीतलं संमतिपत्र आहे, ते वाचून दाखवावं लागतं, प्रश्न विचारायला वेळ द्यावा लागतो. मी एका म्हातारीला दोन पानं वाचून दाखवली. तुम्ही नाही म्हणू शकता, त्यानं उपचारावर काही परिणाम होणार नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. ती म्हणाली, “सायेब, तुमी म्हनाल तिथं अंगठा करते. पन माझं आपरेशन लवकर करा.” अंगठा उठला. कागद पूर्ण झाला. मी तो नमुना बर्फात घालून आणला आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की तिला विचारलं गेलंच नाही. नाही म्हणायची ताकद जिच्यात नाही, तिच्याकडनं आलेला होकार किती वजनाचा?

आपल्याकडचंच एक मोठं उदाहरण आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, याच कर्करोगासाठी तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले. तिघांची वेगवेगळ्या पद्धतीनं तपासणी झाली, चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आला, की विषाणूची एकदा जरी तपासणी केली तरी या रोगानं होणारे मृत्यू घटतात. हा अभ्यास जगभर वाखाणला गेला, आणि चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, यावर वादही झाला. मला दोन्ही बाजू पटतात. असं म्हणणं पळपुटं आहे, हे मला कळतं. पण तो निष्कर्ष काढायला तुलनेला कुणीतरी लागतंच, हेही मी शास्त्र शिकल्यामुळं जाणतो. आणि त्या गटात माझी आक्का असती तर मी हे एवढ्या शांतपणे लिहिलं असतं का, हेही जाणतो.

आक्का. सगळं फिरून तिच्याकडंच येत होतं. शाळा सोडताना तिला तरी कुणी विचारलं होतं? एकदा मी आईला सरळच विचारलं. आई भांडी घासत होती. म्हणाली, “इचारलं व्हतं की. म्हणलं, बाय, शाळा सोडतीस का? व्हय म्हणली.” चौदा वर्षांची पोर, बाप आत कण्हतोय, आई दारात उभी, आणि प्रश्न असा. तो अंगठाच की. पण आईला तरी काय म्हणणार? तिला स्वतःला आयुष्यात कुणी काय विचारलं होतं?

या सगळ्याचा निकाल मी माझ्या परीनं लावला. २०२२ मध्ये प्रबंध लिहून झाला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, सहकारी, आईवडील झाल्यावर मी दोन वाक्यं आक्कासाठी लिहिली. तिनं नववीत शाळा सोडली म्हणून मी शिकू शकलो, या पदवीवर पहिला हक्क तिचा. खाली तिचं पूर्ण नाव. आणि हेन्रिएटा लॅक्स यांचंही एक वाक्य. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली, एक प्रत घेऊन गावी आलो. आक्का माहेरी आलेली. ओट्यावर बसवून मी तिला ते पान इंग्रजीतनं मराठीत करून वाचून दाखवलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, भरून आलंय. मग म्हणाली, “हे काढता यील का रं?”

“का?”

“मी तुझ्यासाठी न्हाई सोडली शाळा. तात्यांसाठी सोडली. तू त्यात कुठं व्हतास? तुला तर तवा नाकसुद्धा पुसता येत नव्हतं.”

मी काहीतरी पुटपुटलो. ती पुढं म्हणाली, “तात्या पडले. कुणीतरी घरी ऱ्हायाला पायजे व्हतं. मी ऱ्हायले. ते माझं हाय. तू ते तुझ्या पुस्तकात घालून तुझं केलंस. आन् लोकांनी म्हणायचं, बिचारी, भावापायी अडाणी ऱ्हायली. मला एकदा इचारायचंस तरी.”

वीस वर्षं मी एक ऋण वाहत होतो, आणि ते ज्याचं होतं त्याला विचारलंच नव्हतं. बांधावर तिनं मला तो प्रश्न केल्यानंतरसुद्धा. लॅक्स कुटुंबाचंही हे झालंय. आधी बाईचं नाव लपवलं, हेलन लेन म्हणून भलतंच नाव फिरलं. पुढं नाव कळल्यावर तिचा गौरव सुरू झाला. तोही बहुतेक इतरांनी आपापल्या सोयीनं केलेला. मार्च २०१३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हेला पेशींचा पूर्ण जनुकीय आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्यातनं तिच्या जिवंत वारसांबद्दलही काही कळू शकतं. त्याही वेळी घरच्यांना विचारलं नव्हतं, साठ वर्षांनंतर! बोभाटा झाल्यावर तो मागं घेतला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं कुटुंबाशी करार केला. तो आराखडा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत घरचे दोघं बसतात आणि वापरणाऱ्यानं लिखाणात त्यांचा उल्लेख करायचा. २०२३ मध्ये त्या पेशींवर व्यापार करणाऱ्या थर्मो फिशर कंपनीशीही कुटुंबाची तडजोड झाली. पैसे किती, ते गुप्त. मला ती समितीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. आभारात समोरच्याला नाही म्हणायला जागा नसते. समितीत असते.

माझं पान काही मागं घेता आलं नाही. प्रबंध विद्यापीठात जमा झालेला, शोधगंगेवर चढलेला. जगात कुणीही कधीही उघडून वाचावं, आणि आक्काची दोन चुकीची वाक्यं तिथं असावीत. घरातल्या प्रतीत मात्र मी त्या ओळींवर पांढरी पट्टी चिकटवली. आक्का म्हणाली, “आता तर समदी तेच पान बघत्याल.” ते खरंच होतं. मग दोघंही हसलो, पण ती माझ्याहून कमी.

मी आजही हेला पेशी वापरतो. काम आवश्यक आहे, असं मला वाटतं. कपाट उघडताना कधी कधी ती बाई आठवते, रोज नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा आधी आक्काकडं गेलो. म्हटलं, असं असं लिहितोय, तुझ्याबद्दल येणार. लिहू का? नको म्हणालीस तर नाही लिहीत. ती म्हणाली, “आधी लिही, मग वाचते, मग सांगते.” मराठीत असल्यामुळं तिला मी लागलो नाही. कागद ठेवून आलो. आठ दिवस फोन नाही, आणि मी दुसरा विषय शोधायला लागलो होतो. नवव्या दिवशी फोन आला. नाव नको म्हणाली. एक परिच्छेद पूर्ण काढायला सांगितला, तो काढला. त्यात काय होतं ते सांगणार नाही.

“आन् अजून एक,” ती म्हणाली. “बांधावर तू चटणी-भाकरी लिवलीस. त्या दिशी मी पिठलं केलं व्हतं, तू दोनदा मागून घेतलंस.”

वर दुरुस्त केलं आहे.